ज्याची त्याची सांगड



‘पाण्यांत पडलें म्हणजे पोहतां येतें’ ही म्हण आपण फार सैलपणानें वापरतों, आणि ती वापरणारा बहुधा कांठावर कोरडा उभा असतो. जो खरोखर पाण्यांत पडतो त्याला आधीं कांहींतरी धरावें लागतें. कोणी दोर धरतो, कोणी लाकूड, कोणी भोपळा, कोणी दुसऱ्याचा खांदा. काय धरावें यावरून मात्र माणसांमाणसांत जो वाद माजतो तो पाण्याहूनही खोल असतो. आज मला त्या वादाविषयीं बोलावयाचें आहे. दुसऱ्याची रीत आपण कोठवर चालवून घ्यावी आणि कोठें ती मुळींच चालवून घेऊं नये, हा प्रश्न संसारांत सर्वत्रच आहे. परंतु पाण्यांत त्याचें उत्तर चुकलें तर किंमत ताबडतोब मोजावी लागते, म्हणून तेथें तो अधिक स्वच्छ दिसतो.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें झरी हें माझें गांव. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेंत धरला तरी चारशें किलोमीटरांच्या आसपास. येथें पोहणें शिकावयाचें तें विहिरींत. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं काळा पाषाण, आणि त्या पाषाणांत उतरलेली चाळीस-पन्नास फूट खोल विहीर. जिल्ह्यांत जुन्या बारवाही आहेत. चारठाण्याची, पिंगळीची, वालूरची बारव लोक हल्लीं मुद्दाम पाहावयास जातात. बारवेला पायऱ्या असतात, त्यामुळें पाण्यापर्यंत जाणें सोपें. शेतांतल्या विहिरीला पायऱ्या म्हणजे भिंतींतून बाहेर आलेले चार दगड. त्यांवरून उतरतांनाच निम्मी विद्या शिकून होते.

माझ्या लहानपणीं वैशाख लागला कीं मुलें विहिरीवर जमत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर निराळें दैवत असे. ज्या घरीं कडू भोपळ्याचा वेल, त्या घरचा मुलगा वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून येई. ज्याच्या बांधावर पांगारा, तो पांगाऱ्याचा वाळका ओंडका आणी. माळावर केकताड, म्हणजे घायपात, पुष्कळ. त्याच्या फुलोऱ्याचा वाळलेला दांडा बुचासारखा हलका असतो. त्याचे तीन-चार तुकडे सुतळीनें जोडून कोणी पाठीला आवळी. दुकानदाराच्या घरीं तेलाचा पत्र्याचा डबा. पुढें ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आले त्यांच्याकडे चाकाची ट्यूब आली, आणि हल्लीं सर्वत्र प्लॅस्टिकचा कॅन. कांहीं घरीं यांतलें कांहींच नसे. बाप कांठावर बसे, मुलाच्या कमरेला कासरा बांधलेला, आणि कासऱ्याचें दुसरें टोंक बापाच्या मुठींत.

यांतल्या प्रत्येकाचा गुण वेगळा आणि खोडही वेगळी. भोपळा सर्वांत हलका, पण भिंतीच्या दगडावर आपटला कीं फुटलाच. पांगारा फुटत नाहीं, परंतु पाणी पीत जातो. दोन उन्हाळे वापरलेला ओंडका तिसऱ्या उन्हाळ्यांत तपासून घ्यावा लागतो. डब्याचा डाख सुटला तर डबा भरूं लागतो, आणि मुलाला तें उशिरा कळतें. ट्यूब दिसावयास भक्कम. ती काखेंतून निसटली कीं एकीकडे ट्यूब आणि एकीकडे मूल. कासऱ्यानें जीव राखला जातो हें खरें, पण मुलाचा विश्वास पाण्यावर न बसतां बापाच्या मनगटावर बसतो. अशी पारख करणें हें शहाणपणाचें काम आहे. विहिरीवर चालणारा वाद मात्र या पारखीचा नसे. तो घराण्यांचा असे. भोपळेवाले डबेवाल्यांस हंसत, डबेवाले केकताडवाल्यांस दरिद्री म्हणत, आणि नुसत्या कासऱ्यानें शिकलेले सर्वांनाच भित्रे ठरवीत.

उड्यांचेंही तेंच. सूर मारणारा स्वतःला राजा समजे, आणि मुटका मारणारा त्याच्या लेखीं गांवंढळ. सूर पाहावयास सुंदर दिसतो हें मी कबूल करतों. हात जोडून, अंग ताणून माणूस पाण्यांत शिरतो तेव्हां पाणी फारसें उडतही नाहीं. परंतु ज्येष्ठांत, पाणी आटून विहिरीच्या तळचे दगड वर येऊं लागलेले असतां सूर मारणें म्हणजे मानेशीं वैर करणें आहे. त्या दिवसांत पाय खालीं घेऊन उडी टाकणारा गांवंढळच शहाणा. कांठावरचे परीक्षक ही गोष्ट क्वचितच बोलून दाखवीत. त्यांना सौंदर्याची काळजी अधिक.

माझ्या शाळेंतला एक मुलगा येथें आठवतो. घरची गरिबी होती, तरी आईनें कोठून तरी तेलाचा डबा मिळविला, झांकणाला लाख लावून घेतली आणि मुलाच्या पाठीला बांधून दिला. बंदोबस्त चोख होता. पण डबा गंजका, आणि त्यावर अर्धवट पुसलेलें वनस्पति तुपाचें नांव. मुलांनीं त्याचें नांव ‘डबडें’ ठेवलें. चार दिवस तो आला, पांचव्या दिवशीं आला नाहीं. आज तो पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आहे. स्वतःच्या शेतांत चाळीस फूट विहीर आहे. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह अडकला तर तो मजुराला उतरवितो आणि आपण बांधाआड जाऊन बसतो, कारण खालीं पाहवत नाहीं. त्याच्या मुलांनाही त्यानें कधीं पाण्याजवळ जाऊं दिलें नाहीं. एका टोपणनांवानें दोन पिढ्या पाण्याला मुकल्या, आणि ज्यांच्या शेतांत विहीर आहे अशा घरीं पोहतां न येणें हें पत्ते खेळतां न येण्यासारखें किरकोळ नव्हे.

हें सारें मला पुन्हां आठवलें तें मालवणच्या समुद्रांत. माझा भाचा पुण्यास नोकरीला आहे. पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखालीं जाण्याचा, ज्याला स्कूबा म्हणतात, त्याला छंद आहे. मालवणजवळ तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्था आहे. तो तेथें शिकला, आणि पुढें एकदां मलाही बरोबर घेऊन गेला. मी अर्थात् होडींतच बसलों. समोर महाराजांचा सिंधुदुर्ग किल्ला, खालीं हिरवें पाणी, आणि होडींत सात-आठ तरुण आपापलीं उपकरणें बांधीत असलेले.

या उपकरणांचें मर्म थोडक्यांत सांगतों. पाण्याखालीं दर १० मीटरला आपल्या वातावरणाइतका एक भार वाढतो. आमच्या पन्नास फुटी विहिरीच्या तळाशीं जमिनीवरच्या अडीचपट भार असतो. छातीवर एवढें ओझें असतां वरून नुसत्या नळीनें श्वास घेतां येत नाहीं. पूर्वींचे पाणबुडे म्हणून तांब्याचें शिरस्त्राण घालीत आणि वरचे लोक पंपानें हवा खालीं ढकलीत. १९४३ मध्यें फ्रान्सांत झाक-ईव कूस्तो आणि एमील गान्यां या दोघांनीं एक झडप सिद्ध केली. माणूस जेवढ्या खोलीवर असेल तेवढ्याच भाराची हवा, तो श्वास ओढील तेव्हांच, ही झडप टाकींतून देते. तेव्हांपासून पाणबुड्या वरच्या नळीच्या बंधनांतून सुटला. मात्र तेथेंच एक कडक नियम जन्मास आला. खोलीवर घेतलेली हवा वर येतांना फुगते. ती छातींत कोंडून ठेवली तर फुप्फुस फाटतें. म्हणून श्वास कधींही कोंडूं नये. या नियमाला आवडनिवड नाहीं, घराणें नाहीं, देश नाहीं.

आतां होडींतला वाद ऐका. एकाच्या अंगांत फुगविण्याचें जाकीट, दुसऱ्याच्या पाठीला धातूची पाटी आणि साधे पट्टे. एकाची टाकी पाठीवर, दुसऱ्याच्या दोन टाक्या दोन बगलांखालीं. एकाच्या नळ्या आंखूड, तर एकाची नळी इतकी लांब कीं तिनें मानेला वेढा घातलेला. पायांतले पंखही निराळे, कांहींचे टांचेवर पट्ट्याचे, कांहींचे बुटासारखे. एकानें दुसऱ्याच्या जाकिटाचें नांव घेऊन ‘हें नवशिक्यांचें’ म्हटलें, त्यानें उलट ‘गुहेंत चाललां आहां काय?’ म्हणून विचारलें, आणि तिसरा रंगावरून हंसला. माझा भाचा मला हळूच म्हणाला, ‘मामा, ही मंडळी फार शिकलेली आहेत हो.’ मीं म्हटलें, ‘बाबा, मी झरीच्या विहिरीवरच बसलों आहें असें मला वाटतें आहे.’

त्यानें नंतर मला या विद्येचा इतिहास वाचावयास दिला, आणि तो वाचून माझी पुष्कळ करमणूक झाली. आरंभींच्या श्वासयंत्राला दोन जाड नळ्या असत, मानेच्या दोहों बाजूंनीं तोंडाशीं आलेल्या. १९५२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनीं एका नळीचें यंत्र बाजारांत आणलें. तें सुटसुटीत होतें; तरी दोन नळ्यांवर वाढलेल्या मंडळींचें मन त्यावर सहजासहजीं बसलें नाहीं. आज जगांत बहुतेक सर्वत्र एकाच नळीची जात आहे, आणि दोन नळ्यांचीं यंत्रें हौशी लोक प्रेमानें जपतात. त्यांना कोणी अडवीत नाहीं, हेंही चांगलेंच.

याहून बोधप्रद गोष्ट ‘नायट्रॉक्स’ नांवाच्या मिश्रणाची. साध्या हवेंत प्राणवायु २१ टक्के असतो. या मिश्रणांत तो ३२ किंवा ३६ टक्के करतात. त्यामुळें शरीरांत नायट्रोजन कमी मुरतो आणि पाण्याखालीं अधिक वेळ राहतां येतें. अमेरिकेच्या सागर-वातावरण खात्याचे पाणबुडे १९७० च्या दशकापासून तें वापरीत होते. असें असूनही हौशी पाणबुड्यांत तें शिकविलें जाऊं लागलें तेव्हां त्याला ‘जादूटोण्याचा वायु’ म्हणून हिणविण्यांत आलें. १९९२ च्या व्यापारी प्रदर्शनांत तें शिकविणाऱ्यांना जागाच देऊं नये असें प्रथम ठरलें होतें. तो निर्णय पुढें मागें घ्यावा लागला. आतां हेंच मिश्रण जगभर रीतसर शिकवितात. परंतु हिणविणारे सर्वस्वीं मूर्ख होते असेंही मी म्हणणार नाहीं. प्राणवायु अधिक असला कीं खोलीवर तोच विषासारखा बाधतो. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण ३३ मीटरांची मर्यादा पाळावी लागते. भीतीला आधार होता. चूक इतकीच कीं, मर्यादा शोधावयाच्या ऐवजीं लोकांनीं शिवी शोधली.

तीच कथा फ्लॉरिडांतील जलमग्न गुहांची. गुहेंत वर येण्यास आकाश नसतें, आणि पंखांनीं गाळ उडाला कीं हातभर अंतरावरचें दिसत नाहीं. अशा ठिकाणीं जोडीदाराची हवा संपली तर त्याला ती अंधारांत, चांचपून, क्षणांत देतां आली पाहिजे. तेव्हां १९९० च्या दशकांत तेथील एका मंडळीनें ठरविलें कीं, आपणां सर्वांचीं उपकरणें अगदीं एकसारखीं असावींत. प्रत्येकाच्या तोंडांतलें यंत्र सुमारें सात फूट लांब नळीचें असावें, दुसरें हनुवटीखालीं रबराच्या फाशांत लटकत असावें. मागेल त्याला तोंडांतलें द्यावें व आपण हनुवटीखालचें घ्यावें. होडींतल्या त्या लांब नळीचें मूळ हें. योजना उत्तम आहे. एकाच पंक्तीनें गुहेंत उतरणाऱ्यांनीं एकरूप असणें यांत सक्ती वाटली तरी ती सक्ती योग्यच. परंतु या पद्धतीला त्यांनीं नांव दिलें ‘योग्य तेंच करणें’, आणि त्या नांवांतच बाकीचें जग चुकीचें करतें असा ध्वनि उमटला. पुढें तर त्यांच्यांतले कांहीं जण इतरांना ‘स्ट्रोक’ अशी तुच्छतेची उपाधि देऊं लागले. उघड्या समुद्रांत, स्वच्छ उजेडांत, दहा मीटरांवर मासे पाहणाऱ्या गृहस्थालाही ती मिळूं लागली. गुहेचा नियम अंगणांत आणला कीं त्याचा सोवळेपणा होतो.

या सर्वांत मला मनापासून आवडलेला माणूस म्हणजे शेक एक्स्ली, आणि तो आवडण्याचें एक कारण, तो आमच्याच धंद्यांतला होता. फ्लॉरिडांतल्या एका शाळेंत तो गणित शिकवी आणि सुट्टीच्या दिवशीं गुहांत उतरे. गुहांत माणसें मरत होतीं, आणि प्रत्येक जण आपापल्या आवडत्या उपकरणाची तरफदारी करीत होता. एक्स्लीनें गणिताच्या शिक्षकाला शोभेल असें केलें. त्यानें अपघातांचीं टिपणें समोर घेतलीं आणि इतकेंच विचारलें कीं, ही माणसें कशानें मेलीं? १९७९ मध्यें त्याचें छोटेसें पुस्तक निघालें. त्यांतला निष्कर्ष थोडक्यांत असा. बाहेरपर्यंत अखंड दोर न बांधणें, परतीसाठीं पुरेशी हवा न राखणें, आणि झेपेल त्याहून खोल जाणें, या तीन गोष्टी पुन्हां पुन्हां येतात. हवेचा हिशेब त्यानें सांगितला तो आमच्या चौथीच्या मुलालाही कळेल: एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, आणि एक तृतीयांश अडचणीसाठीं राखीव. कोणत्या रंगाचे पंख, कोणत्या कारखान्याचें जाकीट, याचा या उत्तरांत पत्ता नाहीं. एक्स्ली स्वतः १९९४ मध्यें मेक्सिकोंतील एका अतिखोल कुंडांत मरण पावला. सावध माणसावरही पाणी दया करीत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. त्याचा हिशेब त्यामुळें खोटा ठरत नाहीं.

मला वाटतें, पारख करण्याची रीत हीच. ज्या नियमाच्या मागें मेलेलीं माणसें आहेत तो नियम. ज्याच्या मागें केवळ आपली संवय आहे ती रीत. नियम मोडणाऱ्याला खडसावून थांबवावें, त्यांत सौजन्याची भीड धरूं नये. रिकाम्या होत आलेल्या टाकीनें खोल जाणारा, एकटाच निघणारा, दारू पिऊन उतरणारा, यांना ‘व्यक्ति तितक्या प्रकृति’ म्हणून सोडून देणें ही सहिष्णुता नव्हे, तो आळस आहे. आणि रीतीवरून टोंचणाऱ्याला तितक्याच स्पष्टपणें गप्प करावें. आमच्या समाजांत नेमकें उलट चालतें. डब्यावरून मुलाला हंसणारे कांठावर दहा असतात, डब्याचा डाख तपासणारा एकही नसतो.

होडींत एक पन्नाशीचे मालवणी गृहस्थ होते. या पाण्यांतच त्यांचें आयुष्य गेलेलें. वाद चालू असतां ते कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या जोडीला बगलेंत टाक्या बांधणारा तरुण आला, आणि यांची स्वतःची टाकी साधी पाठीवरची. ते त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘तुमचां ह्यां माका नवीन. माझी हवा संपली तर मी खंयची नळी ओढूं तां आधीं दाखवा.’ त्या तरुणानें दाखविलें. मग यांनीं आपली दुसरी नळी कोठें आहे, वजनाचा पट्टा कोणत्या हातानें सुटतो, हें त्याला दाखविलें, आणि त्याच्याकडून डोळे मिटून एकदां तो पट्टा सोडवून घेतला. सर्व मिळून दोन मिनिटें गेलीं असतील. दोघे पाण्यांत गेले, चाळीस मिनिटांनीं वर आले, आणि होडींत चहा पितांना त्या गृहस्थांनीं बगलेंतल्या टाक्यांविषयीं तीन-चार बारीक प्रश्न विचारले. स्वतःची टाकी मात्र त्यांनीं पुढच्या खेपेसही पाठीवरच बांधली.

आतां आमच्या विहिरीकडे येतों, कारण श्रोत्यांपैकीं बहुतेकांना समुद्रापेक्षां तीच जवळची. अलीकडे आमच्या भागांत मुलीही पोहणें शिकूं लागल्या आहेत. थोड्या आहेत, पण आहेत. त्यांच्या पोशाखावरून पुन्हां तेंच सुरू झालें आहे. सलवार-कमीज घालून उतरली तर शहरांतून आलेले पाहुणे ‘हा काय पोहण्याचा वेष?’ म्हणून हंसतात. तंग पोहण्याचा पोशाख घातला तर गांव बोलतें. या दोहोंना माझें उत्तर एकच आहे, कीं पाण्याला काय अडतें तें पाहा. ओढणी गळ्याभोंवतीं किंवा दगडांत अडकते, ती कांठावर काढून ठेवावी. सलवारीचे पायघोळ पाय घोट्याशीं बांधून घ्यावे. बाकी जो वेष मुलीला संकोचाशिवाय पाण्यांत उतरूं देतो तो चांगला वेष.

कॅन लावावयाचा तर झांकण घट्ट आहे कीं नाहीं तें पाण्यांत दाबून पाहावें. बुडबुडा आला तर तो कॅन घरीं परत न्यावा. बांधतांना तो पाठीवर, खांद्यांच्या लगत बांधावा, कारण कमरेखालीं सरकला तर पाय वर आणि डोकें खालीं होतें. कासरा धरणारा माणूस स्वतः पोहणारा असावा आणि त्यानें त्या वेळीं मोबाईल खिशांत ठेवावा. आणि शिकण्यासाठीं वैशाखाची वाट पाहूं नये. बोअर वाढल्यापासून पुष्कळ विहिरी तोंवर तळाला जातात. फाल्गुनांत पाणी थंड लागतें म्हणून मुलें कुरकुरतात. पण तेव्हां तें पुरुषभर तरी असतें.